होडीने न प्यालेले पाणी

दाजी तारीने मशीन बंद केले आणि लगेच खाली वाकून इंजिनाच्या पेटीत हात घातला. आत पाण्याच्या नळीवर एक पितळी कॉक होता. त्याचा दांडा त्याने आडवा फिरवला.

"आता हे कशासाठी?" मी विचारले.

"राखणदाराचा पाणी होडयेन पिऊचा नसता, बाई."

"होडी पाणी पिते?"

"पिता मा. खालसून ओढता, मशीन थंड करता आणि बाजूच्या नळयेतसून बाहेर टाकता. ती धार पडता ना, तीच. पण हय न्हय. हय धन्याचा पाणी."

पुढच्या फळीवर आमच्याकडे पाठ करून बसलेली इंदूवयनी म्हणाली, "भावजी, बाईंका शाळा शिकवू नकात. नारळ काढा."

दाजीने वल्ही हातात घेतली. इंजिनाचा आवाज थांबल्यावर खाडी एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. पौषातली सकाळ होती. पाणी कोमट, हवा थंड. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठावरून धुके उठत होते आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन विरत होते. समोर खडकाचे एक काळे खडप पाण्याबाहेर आले होते. त्यावर बांबू, बांबूला विटलेले लाल फडके. त्या खडपावर राखणदार राहतो, खाडीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांभाळतो, आणि त्याच्यासमोरून जाताना मशीन बंद करून होडी वल्हवत न्यावी लागते, एवढे मला ठाऊक होते. कॉकची गोष्ट नवीन होती. ती मी मनात नोंदवली, एखाद्या जमातीतली भांड्यांची नक्षी नोंदवावी तशी.

मी तेव्हा तिथल्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे आणि इंदूवयनीच्या घरातली समुद्राकडची खोली मी भाड्याने घेतली होती. तिचा नवरा बाबल तारी, म्हणजे दाजीचा थोरला भाऊ, मी त्या गावात येण्याच्या काही वर्षे आधी बुडाला होता. खाडीच्या तोंडाबाहेर त्यांच्या होडीचे मशीन तापून बंद पडले, लाट आडवी आली, होडी उलटली. दाजी वाळूच्या दांड्यावर फेकला गेला. बाबल दुसऱ्या दिवशी सापडला. लोकांनी दाजीला विचारले तेव्हा तो म्हणाला की, दादाने खडपासमोर मशीन बंद केले नव्हते.

एवढे एक वाक्य. पण त्यानंतर इंदूवयनी बुडालेल्या माणसाची बायको राहिली नाही. राखणदाराचा अपमान करणाऱ्याची बायको झाली. बाजारात तिच्या टोपलीतले मासे शेवटी विकले जात. सकाळची पहिली खरेदी तिच्या हातून करायला कोणी धजत नसे. नवी होडी पाण्यात लोटताना ती वाटेवर दिसली, तर माणसे बोलत नसत, फक्त थोडा वेळ थांबत. घरात ती नवऱ्याविषयी कधी अवाक्षर काढत नसे. त्याचा एक फोटो होता, तोही कपाटाच्या आत.

आता तिची मुलगी कुंदा, माझी विद्यार्थिनी, आणि पलीकडच्या पाटथर गावचा प्रमोद गिरकर यांचे जमले होते. प्रमोदचे आजोबा, गिरकरबाबा, यांचा शब्द त्या किनाऱ्यावर शेवटचा. त्यांनी नकार दिला नाही, अट घातली. आईने पाण्याच्या वाटेने यावे. खडपाकडे थांबून नारळ द्यावा, मेलेल्या नवऱ्याच्या चुकीबद्दल गाऱ्हाणे घालून क्षमा मागावी. पुढे वाटेत विघ्न आले नाही, तर धन्याने पदरात घेतले असे समजू आणि मुलगी करू. आणि याला साक्षीदार हवा.

साक्षीदार म्हणून त्यांनी मला निवडले होते. निरोप असा आला होता: "त्या मास्तरीणबाईचो देवावर इस्वास नाय म्हणतत. तीच येऊक व्हयी. तिका खोटा बोलान काय मिळूचा नाय."

माझ्या आयुष्यात माझ्या नास्तिकपणाचा इतका नेमका उपयोग कोणी केला नव्हता. मी हो म्हटले. निघताना कुंदा धक्क्यापर्यंत आली होती. ती म्हणाली, "बाई, तुमका हसू इला तर खोकल्यासारखा करा."

हसू आले नाही. वयनीच्या वतीने दाजी होडीत उभा राहिला. त्याने नारळ दोन्ही हातांत धरला, आणि त्याचा नेहमीचा बसका आवाज मोकळा होऊन पाण्यावर पसरला.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या पाण्याचो तू धनी! आज ही लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. माझो भाऊस बाबल तुझ्या वाटेन जाताना माजान गेलो, मशीन बंद केल्यान नाय, तुझो मान ठेवल्यान नाय, ती चूक तू पोटात घाल म्हाराजा!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक टप्प्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचे असते. मी इंदूवयनीकडे पाहिले. ती खडपाकडे पाहत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. दाजी थांबला होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. साक्षीदाराने प्रयोगात भाग घेऊ नये, हे मला कळत होते. पण ती शांतता भरून काढायला दुसरे कोणी नव्हते.

"होय म्हाराजा," मी म्हटले.

"आणि हेच्या चेडवाचा, कुंदाचा, बरा कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

नारळ पाण्यात पडला, बुडाला, वर आला आणि खडपाच्या दिशेने हळूहळू जाऊ लागला. दाजीच्या कपाळावर एवढ्या थंडीत घाम होता. खडप मागे पडेपर्यंत त्याने वल्ही मारली, मग वल्ही आडवी टाकली आणि दोरी ओढून मशीन चालू केले. धकधक पुन्हा सुरू झाली. "झाला," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळले नाही.

पुढचा काही वेळ आम्ही पांढऱ्या पाण्यातून पांढऱ्या हवेत चाललो होतो. धुके दाट झाले होते. दोन्ही काठांवरची कांदळवने अर्धी दिसत, अर्धी नसत. मुळे दिसत, त्यावर झाड नसे, आणि मग बऱ्याच उंचीवर, कशालाही न जोडलेली, थोडी पाने. इंदूवयनीने पदर डोक्यावरून घेतला होता. ती लांबून एखादे गाठोडे ठेवल्यासारखी दिसत होती. मला झोप येत असावी. मशीनच्या आवाजात एक नवा, घट्ट सूर आला आहे हे मी ऐकले. पण तो स्वप्नात ऐकू येणाऱ्या सुरासारखा वाटला, ज्याच्यासाठी उठायचे नसते.

वास आला तेव्हा मात्र मी जागी झाले. जळलेल्या रबराचा वास.

दाजीने झेप घेऊन मशीन बंद केले आणि पेटीवरचे झाकण उचलले. वाफेचा लोट वर आला आणि धुक्यात मिसळला. कुठे वाफ संपते आणि धुके सुरू होते ते सांगता येईना. इंदूवयनीने बादली खाडीत बुडवली.

"नको वयनी," दाजीने तिचा हात धरला. "तापल्या लोखंडार थंड पाणी घातलास तर चिरतला. आपसूक निवांदे."

ती बादली हातात धरूनच बसली.

"तापला," ती म्हणाली.

"तापला."

"ह्येंच्या वेळेक तापल्ला तसाच."

दाजीचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओहोटी लागली होती, आणि होडी आपली आपण वळून, बाजूने, समुद्राच्या दिशेने निघाली. घाई नव्हती तिला. पाण्याचा आवाजही नव्हता. काठावरचा एक बगळा आमच्या समोरून गेला आणि बऱ्याच वेळाने पुन्हा समोरून गेला. तोच होता, का दुसरा, का आम्हीच फिरत होतो, ते कळायला साधन नव्हते. खाडीच्या तोंडाकडची टेकडी पाण्यापासून सुटून हवेत तरंगत होती आणि तिच्याखाली आकाशाची एक बारीक फट दिसत होती. कोमट पाण्यालगतच्या हवेच्या थरात प्रकाश वाकतो, त्यामुळे असे दिसते. मी हे दर वर्षी वर्गात शिकवत असे. त्या सकाळी मला ते आठवले आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. टेकडी तरंगतच राहिली.

"नाय केल्यान मान्य," दाजी कुजबुजला. "धन्यान मान्य नाय केल्यान." मग तो माझ्याकडे सरकला. "बाई, ऐका. थंय काय सांगू नकात. मशीन निवला की हळूहळू जाव. उशीर झालो म्हणान सांगू. कुंदाचा लगीन मोडात ओ."

"मी आपणहून काही बोलणार नाही, दाजी. पण विचारलं तर जे झालं तेच सांगेन. म्हणूनच तर मला बोलावलंय."

"तुमी तर मानूकच नाय ना ह्या? मगे तुमका काय पडला हा?"

"मी मानत नाही ते राखणदाराला. झालेल्या गोष्टीला मानते."

इंदूवयनी पाठमोरीच म्हणाली, "बाईंका भरीक घालू नकात, भावजी. त्यांका येवचा नाय ता."

होडी उथळावर आली तेव्हा दाजीने नांगर टाकला. दोरी ताणली गेली आणि आम्ही थांबलो. निदान पाणी आमच्या बाजूने जाऊ लागले, त्यावरून आम्ही थांबलो आहोत असे मी ठरवले.

मशीन निवण्याची वाट पाहणे एवढेच काम होते, आणि मला रिकामे बसवत नाही. ज्या नळीतून पाण्याची धार बाहेर पडायची, ती मी वाकून पाहिली. तिचे तोंड कोरडे होते. मशीन चालू असताना धार पडत होती का? मी आठवू लागले. निघताना पडत होती. तिच्यामुळे माझी चप्पल भिजली होती. खडपानंतर तिचा आवाज ऐकल्याचे आठवेना. मग पाणी बाहेर येत नव्हते, म्हणजे आत जात नव्हते. मी पेटीत डोकावले, नळीवरून बोट फिरवत खाली गेले आणि पितळी दांड्याला बोट लागले. तो आडवा होता.

"कॉक बंद आहे," मी म्हटले. "खडपाकडे बंद केलात, तो उघडलाच नाही. पंप कोरडाच फिरला. आतलं रबराचं चक्र जळलंय, म्हणून वास आला. विघ्न वगैरे काही नाही, दाजी. आपण विसरलो."

हे सांगताना मला आनंद झाला होता, ते मी लपवणार नाही. कारण सापडल्याचा आनंद. असे कारण हाती आले की माणसे आधी चकित होतात, मग हसतात, मग सुटकेचा श्वास टाकतात, असा माझा अनुभव होता. मी दाजीच्या चेहऱ्यावर त्यातला पहिला टप्पा शोधला.

तो चकित झालाच नाही. मी सांगितलेली गोष्ट त्याला फार पूर्वीपासून ठाऊक असावी, आणि ती कोणीतरी मोठ्याने म्हणेल याची तो केव्हापासून वाट पाहत असावा, असा तो पेटीकडे पाहत होता.

इंदूवयनीने बादलीतले पाणी खाडीत ओतले. मग ती वळून बसली. त्या सकाळी पहिल्यांदाच मला तिचा चेहरा समोरून दिसला.

"भावजी."

दाजीने वर पाहिले नाही.

"त्या दिवशी कॉक कोणी बंद केल्लो?"

"मीच."

"आणि मशीन?"

"दादान."

"म्हणजे ह्येनी मशीन बंद केल्ल्यानी."

"केल्ल्यान. वल्ही पण तेनाच मारल्यान. नारळ दिल्यान." त्याचा आवाज इतका हळू झाला होता की मधले शब्द पाण्याबरोबर जात होते. "कॉक उघडूचा काम माझा होता. विसारलंय. भायर गेलाव, मशीन तापला, बंद पडला. लाट आडवी इली."

"मगे गावाक वेगळा कित्याक सांगल्यात?"

"लोक दारात उबे होते, वयनी. सगळे एकदम विचारी होते. माझ्या तोंडाक ता इला. दादा तर गेल्लो. माका वाटला, मेलेल्या माणसाचा काय जातला?"

धुके आता पातळ होऊ लागले होते. त्यातून सूर्य दिसत होता, पण तो चंद्रासारखा, ज्याच्याकडे सरळ पाहता येते असा.

"मी जिती होतंय मा, भावजी," ती म्हणाली.

रागावून म्हणाली असती तर दाजीला सोपे गेले असते. त्याने दोन्ही हात तोंडावर धरले आणि तो तसाच बसून राहिला. मी नांगराच्या दोरीकडे पाहत होते. माझ्याजवळ या प्रसंगात शिरण्याचा कोणताही अधिकार नव्हता आणि होडीतून बाहेर जाण्याची सोयही नव्हती.

मशीन हात लावण्याइतके निवले तेव्हा दाजी उठला. त्याने कॉक उघडला आणि मशीन चालू केले. बाजूच्या नळीतून काही क्षण हवा आली, मग थोडे काळे पाणी, मग करंगळीएवढी धार.

"पंपातल्या रबराची दोन-तीन पानां उरली हत," तो म्हणाला. "हळूहळू न्हेलाव तर पोचतलाव."

नांगर वर आला. आम्ही चालण्याच्या वेगाने निघालो. इंदूवयनी आता माझ्याजवळ येऊन बसली होती, आणि तिची नजर त्या धारेवर होती.

"बाई," ती म्हणाली, "मशीन तापला ता सांगला नाय, तर कुंदाचा जमता."

"हो."

"पण मगे ह्येंचो दोष तसोच रवता. उलट, धन्यान माफ केल्यान म्हणतले. माफ केल्यान म्हणजे दोष होतोच."

"हो. तसंच होतं ते."

"आणि सांगला तर ह्येंचा सुटता की नाय म्हायत नाय, पण कुंदाचा मोडता."

मी तिला विचारले, "तुम्हाला काय हवंय, वयनी?"

"माका?" हा प्रश्न तिला बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नसावा. तिने पाण्यात हात घातला आणि होडीबरोबर तो वाहू दिला. "आदी कडेक लागांदे."

पाटथरच्या धक्क्यावर प्रमोद उभा होता. आमच्या वेगावरून त्याला काय ते कळले असावे; त्याने दोरी झेलली, पण विचारले काही नाही. गिरकरांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माणसे जमली होती. गिरकरबाबा मधोमध एका खुर्चीवर बसले होते. लहान चणीचे, स्वच्छ, कानाला मफलर. त्यांनी इंदूवयनीला हाताने बसायला सांगितले, दाजीकडे पाहिले नाही, आणि मला जवळ बोलावले. घरातून भांड्यांचा आवाज येत होता. पण आल्यागेल्याला प्रथम जे पाणी पुढे करतात, तेही अजून कोणी आणले नव्हते.

"खडपाकडे मशीन बंद केल्ला?"

"केलं होतं."

"तुमी बगल्यात?"

"पाहिलं. नारळही दिला. गाऱ्हाणंही झालं."

"आणि मगे?"

मी इंदूवयनीकडे पाहिले नाही. पाहिले असते तर तिला माझ्यासाठी काहीतरी ठरवावे लागले असते, आणि ते योग्य नव्हते.

"त्यानंतर मशीन तापलं. बंद करून थांबावं लागलं. म्हणून उशीर झाला."

बायकांच्या बाजूला बांगड्यांचा आवाज झाला. प्रमोद खांबाला टेकून उभा होता तो सरळ झाला. गिरकरबाबांनी मान हलवली, दुःखाने हलवावी तशी, आणि ते बोलायला लागणार एवढ्यात इंदूवयनी उठली.

"तापतलाच," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिले.

"धन्यासमोर उबा रवान खोटा गाऱ्हाणा घातला, तर काय तो हसान नारळ घेतलो? माझ्या घोवान मशीन बंद केल्ल्यान. वल्ही मारल्यान, नारळ दिल्यान, सगळा केल्यान. आणि आमी आज जाऊन तेच्याच पाण्यार तेका सांगलाव की केल्यान नाय. मी 'होय' म्हटलंय नाय. ह्या बाईंका इचारा. पण गप बसलंय. तेचाच भोगलाव." मग ती दाजीकडे वळली. "आता तुमी सांगा, भावजी. हयच सांगा. सगळी हत."

दाजी खळ्याच्या कडेला उभा होता. त्याने होडीत सांगितलेले सगळे पुन्हा सांगितले, एक शब्दही न वगळता: मशीन कोणी बंद केले, कॉक कोणी बंद केला, कोणी उघडला नाही, दारातल्या लोकांना काय सांगितले, आणि का. सांगून झाल्यावर तो जमिनीवरच बसला.

गिरकरबाबा थोडा वेळ मफलरच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग त्यांनी मला विचारले, "बाई, तुमच्या शास्त्रात हेका काय म्हणतत? आज मशीन कित्याक तापला?"

"पाण्याचा कॉक बंद राहिला होता."

"कोणाकडसून?"

"दाजींकडून."

"हो पोरपणापासना होडयेर हा. हेचे हात झोपेत पण ता काम करती. आज कित्याक विसारलो?"

"त्यांचं लक्ष नव्हतं."

"लक्ष खंय होता?"

मी उत्तर शोधू लागले. खोटे गाऱ्हाणे घालताना त्याच्या कपाळावर आलेला घाम मी पाहिला होता. निरीक्षण स्पष्ट होते आणि त्यावरून एकच निष्कर्ष निघत होता.

"खोटं बोलल्यामुळे ते अस्वस्थ होते," मी म्हटले. "म्हणून हात विसरले."

"म्हणजे खोटा बोललो म्हणान मशीन तापला."

"तसं म्हणता येईल."

"मगे तुमी नि ही एकच सांगतास," गिरकरबाबा म्हणाले. "तुमी कॉकाचा नाव घेतास, ही धन्याचा घेता."

मला हरकत घ्यायची होती. दोन विधाने एकच नाहीत, हे मी कोणत्याही वर्गात सिद्ध करून दाखवले असते. पण त्यातला फरक त्या खळ्यात कुठे ठेवायचा, ते मला सुचले नाही.

बाबा बायकांच्या दिशेने वळले. "अगो, ह्येंका पाणी नाय दिलास तो? सकाळधरना पाण्यातच हत बिचारी. आणि तोंड गोड करूक गूळ घेवन ये." मग दाजीकडे न पाहता, "तुझा, बाबा, मगे बघूया. गावाक सांगूक तुकाच जावचा लागतला. घराघरात."

प्रमोदने स्वतः पाण्याचा तांब्या आणला. इंदूवयनीने तो घेतला, आणि बसून, सावकाश, संपूर्ण प्यायली.

दाजी होडी दुरुस्त करायला पाटथरलाच राहिला. निघताना तो धक्क्यावर मान खाली घालून उभा होता. इंदूवयनी त्याच्यासमोर थांबली. मला वाटले, आता ती काही बोलेल.

"पंपाक नवीन रबर घाला," ती म्हणाली. "जुना परत लावू नकात."

आम्ही एस.टी.ने निघालो. रस्ता खाडीला लांबून वळसा घालून जातो. पाण्यावरून जवळचे गाव त्या वाटेने दूरचे होते. दुपार उलटली होती. काजूच्या बागा, कातळ, पुन्हा बागा. गाडी जवळजवळ रिकामी होती. उन्हाची एक पट्टी आमच्या मांडीवरून पुढे सरके, वळणावर मागे जाई आणि पुन्हा येई. मी डोळे मिटले होते. ती झोपली असेल असे मला वाटले होते.

"ह्येंका मासे आवडत नसत," इंदूवयनी म्हणाली.

मी डोळे उघडले.

"गाबताच्या घरातलो माणूस. जन्मभर मासे मारल्यान. आणि वास इलो की पोटात ढवळा. आईशीक सांगूक लाज वाटा. लगीन झाल्यार माका पयल्या आठवड्यात सांगल्यानी, रडान सांगल्यानी. मगे मी काय करी, सगळ्यांसारखो बांगडो तेंच्या ताटात वाढी, नि भाताच्या खाली वरण लपवून ठेवी. बांगडो नंतर मांजराक." ती हसू लागली, आवाज न करता, खांदे हलवून. "मांजर कसला माजलेला आमचा. लोक विचारीत, काय गो, ह्या मांजराक काय घालतस? ह्ये मान खाली घालून जेवी होते."

त्या घरात मी तीन वर्षे राहत होते. तिच्या नवऱ्याविषयी मी ऐकलेली ही पहिली गोष्ट. त्यानंतर ती थांबलीच नाही. त्याला रानातल्या करवंदांचे वेड कसे होते, तो पावसात कौले शाकारायला चढला की गाणी कशी म्हणे, कुंदा जन्मली तेव्हा तो होडी तशीच काठावर ओढून भिजलेल्या कपड्यांनी कसा आला, सुईणीने त्याला दारातच कसे थांबवले. खिडकीबाहेर खाडी मधूनच दिसे, सोनेरी, गुळगुळीत, आणि पुन्हा झाडांमागे जाई.

आमचा थांबा जवळ आला तेव्हा तिने पदर सारखा केला आणि टोपली उचलली.

"ता माशांचा कोणाक सांगू नकात हां, बाई," ती म्हणाली. गाडी थांबली. ती दाराशी गेली, एक पायरी उतरली आणि तिथूनच वळून म्हणाली, "नायतर सांगा. आता सांगल्यात तरी चलात."